आज्ञावलीतले अबोल पक्ष : उज्जयिनीची रेषा, पंचांग आणि संगणक

गणित बिनचूक असले की उत्तरही निर्विवाद असते, अशी एक समजूत संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांच्या व्यवसायात खोलवर रुजलेली आहे. ती कोठे आणि का कोसळते हे पाहण्यासाठी बँकेच्या हिशेबापेक्षा किंवा रेल्वेच्या आरक्षणापेक्षा पंचांगाची आज्ञावली अधिक उपयोगी पडते, कारण तेथे गणित शेकडो वर्षांपूर्वी जवळजवळ सुटले असूनही वाद मात्र आजतागायत मिटलेले नाहीत. प्रस्तुत ग्रंथात पंचांगाच्या निमित्ताने आज्ञावलीलेखनाचा आणि इंटरनेटवर वाढलेल्या संस्कृतीचा विचार केला आहे, आणि त्यासाठी उज्जैन हे केंद्र धरले आहे. हे शहर भारतीय कालगणनेची मध्यरेषा म्हणून शतकानुशतके वापरात होते, आणि शिंद्यांच्या राजवटीमुळे मराठी पंचांगपरंपरा आणि माळव्याची परंपरा तेथे एकाच घाटावर नांदली. या दोन्ही गोष्टी पुढील विवेचनाला आवश्यक आहेत.

मध्यरेषा म्हणजे ज्या रेखावृत्तावरील वेळ प्रमाण मानून इतर ठिकाणांच्या वेळा काढायच्या ती रेषा. सिद्धांतग्रंथांनी ही रेषा लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाते असे मानले. त्यातील लंका म्हणजे आजचे श्रीलंका नव्हे, तर ही रेषा विषुववृत्ताला जेथे छेदते तेथे कल्पिलेले एक गणिती स्थान होय. आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैनचे रेखांश सुमारे 75 अंश 46 कला पूर्व आहेत आणि भारतीय प्रमाणवेळ 82 अंश 30 कलांच्या रेखावृत्तावर बेतलेली असल्यामुळे उज्जैनची स्थानिक मध्यम वेळ घड्याळापेक्षा सुमारे 27 मिनिटे मागे असते. ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी ठरवलेली आहे, याची जाणीव जुन्या गणकांना पूर्णपणे होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धांतिका’ या ग्रंथात पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह या पाच सिद्धांतांची तुलना आहे. यवनपुर, म्हणजे बहुधा अलेक्झांड्रिया, आणि अवंती, म्हणजे उज्जयिनी, यांच्या वेळेतील अंतर तेथे सव्वासातहून किंचित अधिक, नेमके सांगायचे तर 7 नाडी 20 विनाडी दिले आहे. नाडी 24 मिनिटांची असल्यामुळे हे अंतर 2 तास 56 मिनिटे होते आणि प्रत्यक्षातील अंतराहून ते सात-आठ मिनिटांनीच कमी भरते. त्याहून महत्त्वाचे असे की, दिवस कधी सुरू होतो यावर आचार्यांचे मतभेद वराहमिहिराने नावानिशी नोंदवले: लाटाचार्य यवनपुरातील सूर्यास्तापासून दिवस मोजतो, तर आर्यभट एका ठिकाणी लंकेच्या मध्यरात्रीपासून आणि दुसऱ्या ठिकाणी लंकेच्या सूर्योदयापासून. संगणकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एकाच कामासाठी उपलब्ध असलेल्या पाच लायब्रऱ्यांची, म्हणजे तयार आज्ञासंग्रहांची, ही समीक्षा आहे, आणि प्रत्येकीची गृहीतके तिच्यात उघड मांडलेली आहेत.

काळ मोजण्याची जुनी आणि नवी रीत मुळात एकच आहे. एखादा प्रारंभक्षण निश्चित करायचा आणि त्यानंतर किती दिवस किंवा सेकंद उलटले ते एका आकड्यात मांडायचे. जुन्या ग्रंथांत या आकड्याला अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इसवी सनपूर्व 3102 च्या फेब्रुवारीपासून, तो मोजला तर 1 जानेवारी 1970 या दिवशी सुमारे 18 लाख 52 हजार इतका भरतो. हाच 1970 चा दिवस युनिक्स या संगणकप्रणालीने आपला प्रारंभक्षण म्हणून निवडला, आणि आज बहुतेक सर्व्हर व भ्रमणध्वनी त्या क्षणापासूनचे सेकंद मोजत असतात. आकडा वाढत गेला की तो पेलणे अवघड होते, ही अडचणही दोन्हीकडे सारखीच आहे. 32 द्विमान अंकांच्या जागेत साठवलेला युनिक्सचा आकडा 19 जानेवारी 2038 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी आपली मर्यादा गाठेल, आणि त्यापुढे जुन्या प्रणालींत तो ऋण होईल.

हीच अडचण कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके 1442, म्हणजे 1520, हा आरंभ धरलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात ज्या रीतीने सोडवली, ती कोणत्याही आज्ञावलीकाराने अभ्यासावी अशी आहे. सिद्धांतग्रंथ कल्पारंभापासून गणित करतात, तंत्रग्रंथ युगारंभापासून, आणि करणग्रंथ नजीकच्या एखाद्या वर्षापासून. ग्रहलाघव हा करणग्रंथ, म्हणजे रोजच्या वापरासाठी घडवलेले साधन आहे. गणेशाने अकरा वर्षांचे, 4016 दिवसांचे, एक चक्र मानले, उलटून गेलेल्या पूर्ण चक्रांसाठी ध्रुवक नावाचे तयार आकडे दिले, आरंभीच्या स्थितीसाठी क्षेपक दिले, आणि त्यामुळे पाटीवर गणित करणाऱ्याच्या वाट्याला 4016 च्या आतलाच अहर्गण उरला. शिवाय ज्या, म्हणजे त्रिकोणमितीतील साइन, यांची कोष्टके त्याने पूर्णपणे टाळली आणि त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकारांची सूत्रे बसवली. अचूकतेचा किती अंश सोडला असता वेग किती वाढतो, हा प्रत्येक आज्ञावलीकाराला पडणारा प्रश्न त्याने सोडवला, आणि त्याचे उत्तर इतके सोयीचे ठरले की महाराष्ट्रात व त्याबाहेरही पंचांगे साडेतीन शतके त्याच्या आधाराने होत राहिली.

परंतु स्थूल केलेले गणित काळाबरोबर घसरते, हा नियम कोणालाच चुकत नाही. ग्रहणाची वेळ चुकू लागली की जुन्या मानांना बीजसंस्कार देण्याची, म्हणजे मूळ ग्रंथ तसाच ठेवून त्याच्या आकड्यांत वेधाला जुळेल अशी दुरुस्ती करण्याची, प्रथा होती. आजच्या उद्योगात जिला पॅच म्हणतात ती हीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात अशा ठिगळांनी भागेनासे झाले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय मानांवरून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ 1860 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यातून महाराष्ट्रात जो पंचांगवाद उसळला, त्याचे दस्तऐवज आजच्या ओपन सोर्स जगातील भांडणांपेक्षा काकणभर अधिक रंगतदार आहेत. ओपन सोर्स म्हणजे मूळ आज्ञा सर्वांना वाचता, वापरता आणि बदलता येतील अशा परवान्याखाली दिलेली आज्ञावली. अशा आज्ञावलीवर एकमत होत नाही तेव्हा काही जण तिची प्रत घेऊन वेगळी वाट धरतात, आणि त्या वाटेला फोर्क म्हणतात. विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन गणनेचा, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजण्याचा, आग्रह धरला. टिळकांच्या मताने रेवतीतील एका तारकेपासून आरंभ मानला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारा बरोबर 180 अंशांवर येईल असा आरंभबिंदू सुचवला. रेवती आणि चित्रा या पक्षांच्या आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर पडत असल्यामुळे टिळक पंचांगात मकरसंक्रांत 10 जानेवारीला येते, तर इतर मराठी पंचांगांत 14 किंवा 15 तारखेला. येथे कोणाचेही गणित चुकलेले नाही. सूर्य कोठे आहे याबद्दल सर्वांचे एकमत आहे, मोजपट्टीचे शून्य कोठे ठेवायचे याबद्दल नाही.

या वादाची उज्जैनशी जुळणारी बाजू जीवाजी वेधशाळेत सापडते. सवाई जयसिंगाने माळव्याचा सुभेदार असताना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे सम्राटयंत्र, नाडीवलय, भित्तियंत्र आणि दिगंशयंत्र उभारले. पुढे पडझड झालेल्या या यंत्रांचा जीर्णोद्धार माधवराव शिंद्यांच्या काळात 1923 मध्ये झाला, आणि वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे, ज्यांनी ‘सर्वानंदकरण’ हा करणग्रंथ रचला. 1942 पासून या वेधशाळेतून ग्रहस्थितीचे वार्षिक प्रकाशन निघत आले आहे. ज्या काळात नॉटिकल अल्मनॅकचे, म्हणजे नाविकांसाठी छापल्या जाणाऱ्या ग्रहकोष्टकांचे, आकडे सहज उपलब्ध होते त्या काळात एका विद्वानाला संस्कृतात नवा करणग्रंथ रचावासा वाटला, हे वरवर विचित्र वाटेल. परंतु दुसऱ्याने दिलेला आकडा घेणे आणि तो आकडा कसा आला हे आपल्या हाताने पुन्हा करता येणे यांत जो फरक आहे, तो कळणाऱ्या वाचकाला यात काहीही विचित्र वाटणार नाही.

आता संगणकाकडे. आज भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या पंचांगांपैकी आणि कुंडल्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी स्विस एफेमेरिस नावाचा एक आज्ञासंग्रह आहे. झ्युरिकच्या अ‍ॅस्ट्रोडीन्स्ट या संस्थेसाठी डिटर कोख आणि अलोइस ट्राइंडल यांनी तो विकसित केला. अमेरिकेतील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने अंतराळयानांसाठी सिद्ध केलेल्या ग्रहस्थितींवर तो आधारलेला आहे, आणि खुल्या परवान्याखाली किंवा शुल्क भरून तो वापरता येतो. त्याच्या अचूकतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. निरयन गणितासाठी, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजण्यासाठी, अयनांश नावाचे अंतर वजा करावे लागते, आणि या संग्रहात अयनांशांचे चाळीसहून अधिक प्रकार क्रमांकानुसार उपलब्ध आहेत. भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 1955 च्या अहवालानुसार स्वीकारलेला, निर्मलचंद्र लाहिरींच्या नावाने ओळखला जाणारा चित्रापक्षीय अयनांश तेथे क्रमांक 1 वर आहे. क्रमांक 0 वर फेगन आणि ब्रॅडली या पाश्चात्त्य ज्योतिष्यांचा अयनांश आहे. आणि आज्ञावलीकाराने काहीच सांगितले नाही तर, म्हणजे डिफॉल्ट म्हणून, तोच लागू होतो. दोघांत सुमारे 53 कलांचा फरक असल्याने एक ओळ लिहायची विसरलेल्या आज्ञावलीत संक्रांत जवळजवळ एकवीस तासांनी सरकते.

ही चूक सापडणे अवघड का असते, हे समजून घेतल्याशिवाय या ग्रंथाचा मुख्य मुद्दा लक्षात येणार नाही. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्यास लागणारा काळ. ती दोघांच्या अंतरावर अवलंबून असल्यामुळे अयनांश दोन्हीकडून वजा होऊन नाहीसा होतो आणि चुकीच्या अयनांशाने काढलेली तिथीसुद्धा बरोबरच येते. त्यामुळे चाचणी घेणारा एकादशी आणि पौर्णिमा छापील पंचांगाशी ताडून पाहतो, सर्व जुळते, आणि आज्ञावली बाजारात जाते. नक्षत्र आणि संक्रांत मात्र चुकलेलीच राहतात. क्षयमासाचेही असेच आहे. ज्या चांद्रमासात सूर्याच्या दोन संक्रांती येतात तो क्षयमास. तो 1963-64 आणि 1982-83 या वर्षांत आला आणि यानंतर थेट बाविसाव्या शतकात येणार आहे. म्हणून गेल्या तीस वर्षांच्या पंचांगांवर तपासलेली आज्ञावली क्षयमास हाताळते की नाही, हे कोणत्याही चाचणीत दिसत नाही. चाचण्यांत उत्तीर्ण होणे आणि बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे प्रत्येक अनुभवी आज्ञावलीकार मान्य करतो, परंतु वेळापत्रकाच्या दडपणाखाली वागताना ते विसरतो.

महिन्याच्या नावाचा प्रश्न उज्जैनमध्ये जितका ठळक दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, याला अमांत पद्धती म्हणतात. माळव्यात आणि उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, ती पूर्णिमान्त पद्धती. शुक्लपक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, कृष्णपक्षाचे मात्र एका महिन्याने बदलते. महाशिवरात्र मराठी घरात माघ वद्य चतुर्दशी असते आणि शेजारच्या माळवी घरात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, दिवस मात्र एकच. श्रावणाचे तसे नाही. पूर्णिमान्त श्रावण मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो, तर मराठी श्रावण त्यानंतर पोळ्याच्या अमावास्येपर्यंत चालतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात ज्या महाकालेश्वर मंदिराची पुनर्बांधणी केली, त्या मंदिरातून श्रावणातील सोमवारी निघणारी महाकालाची सवारी राखीपौर्णिमेला थांबत नाही, तर माळव्याच्या गणनेनुसार भाद्रपद कृष्णपक्ष असलेल्या पंधरवड्यातील सोमवारीही निघते. मराठी गणनेत तो पंधरवडा श्रावण वद्यच आहे. मंदिराच्या परंपरेने दोन्ही श्रावण कवेत घेतले, दोन पद्धतींपैकी एक निवडण्याची वेळच येऊ दिली नाही. आज्ञावलीत मात्र ‘महिना’ नावाचा एकच रकाना असतो, तो भरणाऱ्याने एक पद्धत गृहीत धरलेली असते, आणि उज्जैनमधील मराठी कुटुंब माघ वद्यातल्या श्राद्धाची तिथी त्या रकान्यात शोधते तेव्हा महिन्याच्या अंतराने चुकण्याची शक्यता असते.

सूर्योदयाच्या बाबतीत फरक मिनिटांचा असतो, परिणाम मात्र दिवसांचा. सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसताच सूर्योदय मानायचा की बिंबाचा मध्य वातावरणीय वक्रीभवन वगळून क्षितिजावर येईल तेव्हा, यानुसार उज्जैनच्या अक्षांशावर तीन-चार मिनिटांचे अंतर पडते, आणि सूर्योदयाची तिथी ती दिवसाची तिथी हा नियम असल्यामुळे तिथी नेमकी त्या मिनिटांत संपत असेल तर दिवसाचे नावच बदलते. 2024 च्या दिवाळीने याहून मोठा धडा दिला. अमावास्या 31 ऑक्टोबरला दुपारी 3 वाजून 52 मिनिटांनी सुरू झाली आणि 1 नोव्हेंबरला सायंकाळी 6 वाजून 16 मिनिटांनी संपली, याबद्दल देशातील आधुनिक गणिताच्या पंचांगकर्त्यांत जवळजवळ मतभेद नव्हता. 1 तारखेला सूर्यास्तानंतर ही अमावास्या मुंबईत दहा-बारा मिनिटे आणि उज्जैनात सुमारे सत्तावीस मिनिटे उरत होती. एवढा प्रदोषस्पर्श, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या काळाला अमावास्येचा स्पर्श, लक्ष्मीपूजनाला पुरेसा आहे की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्राचा होता. महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांनी 1 नोव्हेंबर दिला, उत्तरेत बहुतेक ठिकाणी 31 ऑक्टोबर पाळला गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हा वाद ‘कोणाचे गणित चुकले’ या स्वरूपात पसरला. नियमाच्या निवडीला गणिताची चूक समजणे, ही इंटरनेटवरील वादविवादाची सर्वात ठळक खोड म्हणावी लागेल. राजकारणापासून क्रिकेटच्या आकडेवारीपर्यंत ती सर्वत्र आढळते.

स्थळाचा निर्देश गाळणे हा त्याच खोडीचा दुसरा अवतार आहे. सोलापूर किंवा मुंबईसाठी काढलेल्या मुहूर्ताचे चित्र न्यू जर्सीतील किंवा लंडनमधील मराठी कुटुंबापर्यंत काही क्षणांत पोहोचते, परंतु त्यावरील वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे आणि तिथी भारतातील सूर्योदयाची आहे हे त्यावर लिहिलेले नसते. वेळेचे रूपांतर करून भागत नाही. स्थानिक सूर्योदय घेतला तर एकादशीची तारीखच वेगळी येऊ शकते. हे रूपांतर करणारी मूळ माहितीसुद्धा अशाच मूक निर्णयांनी भरलेली आहे. जगभरच्या प्रमाणवेळांचा जो सामायिक माहितीसाठा जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो, तो आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला आणि स्वयंसेवकांनी वाढवला. त्यात भारतासाठी कोलकात्याच्या नावाचा एकच विभाग आहे. मुंबईत 1955 पर्यंत जी वेगळी, भारतीय प्रमाणवेळेपेक्षा 39 मिनिटे मागे असलेली वेळ चालत होती तिला तेथे स्थान नाही. त्यामुळे मुंबईत 1930 साली नोंदवलेली जन्मवेळ संगणक निमूटपणे भारतीय प्रमाणवेळ म्हणून वाचतो. या माहितीसाठ्यावर 2011 मध्ये अमेरिकेत जो दावा दाखल झाला, तो अ‍ॅस्ट्रोलेब या ज्योतिषविषयक आज्ञावल्या विकणाऱ्या कंपनीने केला होता. इतिहासातील वेळांच्या नोंदींवर आपला स्वामित्वहक्क आहे असे तिचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी तिने दावा मागे घेतला आणि दरम्यान या साठ्याची जबाबदारी इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे गेली. विमानांची उड्डाणे, बँकांचे व्यवहार आणि शेअर बाजार ज्या माहितीवर चालतात ती काही स्वयंसेवकांच्या सौजन्यावर उभी आहे, हे त्या निमित्ताने प्रथमच अनेकांना कळले.

मूक निवडीचे असेच एक उदाहरण उज्जैनमध्येच आहे. तेथे 29 फेब्रुवारी 2024 रोजी, म्हणजे चार वर्षांतून एकदा येणाऱ्या दिवशी, विक्रमादित्य वैदिक घड्याळाचे उद्घाटन झाले. सुमारे 85 फूट उंचीच्या मनोऱ्यावर बसवलेले हे घड्याळ एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या काळाचे तीस मुहूर्त दाखवते आणि इंटरनेटशी जोडलेले आहे. थोड्याच दिवसांत त्याच्यावर सायबर हल्ला झाल्याच्या बातम्याही आल्या. घड्याळावरील टीका आणि त्याची स्तुती दोन्ही बहुतांशी भावनेच्या पातळीवर राहिल्या. तीस मुहूर्त अहोरात्राचे समान भाग धरायचे, की दिवसाचे पंधरा आणि रात्रीचे पंधरा असे ऋतूनुसार लहानमोठे होणारे, या मूळ निवडीची चर्चा फारशी झाली नाही, ही खरी उणीव.

छापील पंचांगाच्या पहिल्या काही पानांवर अक्षांश, रेखांश, अयनांश, शक-संवत आणि पंचांगकर्त्याचा पक्ष छापण्याची प्रथा आहे, आणि ती केवळ औपचारिक नाही. पंचांग हातात घेणाऱ्याला कोणत्या निवडी आपल्या वतीने केल्या गेल्या आहेत हे त्यावरून कळते, पटले नाही तर दुसरे पंचांग घेता येते. संगणकावरील पंचांगांत ही पाने बहुधा नसतात, किंवा असली तर तीन-चार पडद्यांच्या आड असतात. आज्ञावलीकाराचे कौशल्य आज्ञा थोडक्यात लिहिण्यात मानले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु वापरणाऱ्याच्या वतीने केलेली निवड त्याला न दिसू देणे हे कौशल्य नव्हे, तो व्यवसायातील दोष आहे, आणि गणेश दैवज्ञापासून आपट्यांपर्यंतच्या गणकांनी तो आपल्या ग्रंथांत शिरू दिला नाही.

या ग्रंथातील सर्व उदाहरणे उज्जैनच्या 23 अंश 11 कला उत्तर अक्षांशासाठी आणि 75 अंश 46 कला पूर्व रेखांशासाठी, भारतीय प्रमाणवेळेत, चित्रापक्षीय अयनांशाने, अमांत मासगणनेने आणि बिंबाच्या वरच्या कडेचा सूर्योदय धरून केलेली आहेत. वाचकाने ती आपल्या संगणकावर चालवण्यापूर्वी ही सर्व मूल्ये स्वतःच्या गावाप्रमाणे आणि परंपरेप्रमाणे बदलून घ्यावीत.